सिलिकॉन सीलची बारीक छिद्रे आणि भांगाचे मोजके दिवस : एका दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाशी असलेल्या मासेमारी बंदरात जुन्या धक्क्याचे काँक्रीटचे खांब पाण्याखाली जाऊन तपासण्याचे काम पाणबुड्यांच्या एका छोट्या गटाने घेतले होते. गटाची, बंदराची आणि काम देणाऱ्यांची ओळख येथे दिलेली नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, परंतु बिघाड कसा सापडला, कोणत्या क्रमाने निर्णय झाले आणि दुरुस्ती कशी केली, हे जसे घडले तसेच मांडले आहे.

कोकणातले पाणी वर्षभर उबदार असते, तेव्हा येथे ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा पाणबुड्याचा पोशाख, लागतो तो थंडीसाठी नव्हे, तर पाण्यातल्या घाणीसाठी. हंगामात अशा बंदरात नौका एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि सांडलेले डिझेल, नौकांच्या तळातून उपसलेले तेलकट पाणी, मासळीचे टाकाऊ भाग आणि गावातून येणाऱ्या नाल्याचे सांडपाणी हे सारे धक्क्याखालीच साचते. उबदार मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे काही घातक जिवाणू वाढतात आणि खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. नाल्याच्या पाण्याबरोबर लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही येतो, आणि या आजाराची ओळख कोकणाला नव्याने करून द्यावी लागत नाही. म्हणून हा गट अशा ठिकाणी व्हल्कनाइज्ड रबराचे ड्रायसूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे मास्क वापरत असे.

ड्रायसूटमध्ये पाणी अडते ते गळ्याच्या आणि मनगटांच्या सीलपाशी, म्हणजे त्वचेला आवळून बसणाऱ्या लवचिक तोंडांपाशी. हे सील लॅटेक्सचे, निओप्रीनचे किंवा सिलिकॉनचे असतात. लॅटेक्स ऊन, ओझोन आणि अंगाच्या तेलकटपणाने चिकट होते किंवा त्याला भेगा पडतात, आणि गटातील एका पाणबुड्याच्या त्वचेवर लॅटेक्समुळे चट्टे उठत असत. म्हणून दोन्ही सूटना सिलिकॉनचे सील बसवलेले होते. सिलिकॉन मऊ असते, ताणले तरी पूर्ववत होते आणि उन्हाने सहसा बिघडत नाही, पण फाटण्याला त्याचा विरोध फार कमी असतो. एकदा कडेला बारीक चीर गेली की पुढच्या ताणात ती सरळ धावत जाते. शिवाय नेहमीचा कोणताही गोंद सिलिकॉनला धरत नसल्यामुळे हे सील सूटला चिकटवलेले नसतात, तर प्लास्टिकच्या कड्यांमध्ये अडकवलेले असतात. या एका गुणधर्मामुळे सील बदलणे अतिशय सोपे होते आणि दुरुस्त करणे तितकेच अवघड. पुढचे सगळे प्रकरण या विसंगतीभोवती घडले.

आणखी दोन बंधने समजून घ्यायला हवीत. एक पाणबुड्या पाण्यात असताना दुसरा सूट चढवून काठावर सज्ज राहिलाच पाहिजे, हा गटाचा कधीही न मोडलेला नियम होता. सूट दोनच असल्याने एकाचे सील गेले की दोघांचेही काम थांबणार होते. दुसरे बंधन भरती-ओहोटीचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाशी ओढ इतकी असते की खांबाला धरून राहण्यातच सारी शक्ती जाते, त्यामुळे असे काम अष्टमीच्या आसपासच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत, करावे लागते. भांगाचे चार-पाच दिवस हुकले की पुढच्या पंधरवड्याची वाट पाहणे आले.

अडचण

दिवाळीनंतरच्या भांगाच्या पहिल्याच दिवशी मधल्या बांध्याचा सूट घातलेला पाणबुड्या वर आला, तेव्हा त्याच्या आतल्या कपड्यांची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि डाव्या बाहीचे टोकही ओलसर होते. प्रथम सगळ्यांनी तो घाम समजला. हा समज अगदीच अस्थानी नव्हता, कारण कोकणातल्या दमट हवेत रबरी सूट चढवून पाच मिनिटे काठावर बसले तरी माणूस भिजतो. दुसरी शक्यता मनगटाच्या स्नायुबंधांची होती. मूठ घट्ट आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध उभे राहतात, त्यांच्या दोन्ही अंगांना खाचा पडतात आणि सील धड असूनही तेथून थोडे पाणी आत येते. हातोडी किंवा खरवडणी धरून काम करणाऱ्याला तर हा अनुभव नित्याचाच.

येथे गटप्रमुखाने घाई केली नाही, हे महत्त्वाचे. घामाने पाठ, छाती आणि काखा आधी भिजतात, पण येथे पाठ जवळजवळ कोरडी होती. खाचांमधून येणारे पाणी मनगटाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे झिरपते, आणि येथे ओल बाहीच्या बाहेरच्या बाजूने वर चढली होती. शिवाय बाहीला डिझेलचा वास होता, आणि घामाला तो येत नाही. सील फुटले आहे असे धरून त्यांनी त्या पाणबुड्याला तत्काळ साबण आणि स्वच्छ पाण्याने हात धुवायला लावले, बोटांजवळच्या खरचटलेल्या जागेवर जंतुनाशक लावले आणि पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी किंवा जखमेभोवती लाली दिसल्यास डॉक्टरांना बंदराच्या पाण्याचा उल्लेख आवर्जून सांगण्याची सूचना दिली. दुरुस्तीचा विचार त्यानंतर सुरू झाला, आणि हाच क्रम योग्य आहे.

छिद्रांचा शोध

सूट गोड्या पाण्याने धुऊन मनगटांच्या सीलमध्ये गुळगुळीत प्लास्टिकच्या बाटल्या आणि गळ्यात एक चेंडू बसवला. सोडझडप बंद करून भरझडपेतून सूट हलकासा फुगवला आणि स्पंजने साबणाचे पाणी फिरवले. डाव्या सीलच्या कडेला सुमारे चार मिलिमीटरची चीर लगेच दिसली. उजव्या सीलवर मात्र काहीच दिसेना.

गटातील सर्वांत तरुण पाणबुड्याने तेव्हा मनगटापेक्षा जाड बाटली घालून पाहण्याचे सुचवले आणि त्यातच उत्तर मिळाले. सिलिकॉनमधले टाचणीएवढे छिद्र सील सैल असताना स्वतःच मिटते आणि ताण पडला की उघडते. जाड बाटलीवर सील ताणताच निमुळत्या भागावर, एकमेकांपासून बोटभर अंतरावर, दोन ठिकाणी बुडबुड्यांच्या माळा उठल्या. दोन्ही छिद्रे मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान होती. त्यांभोवती मार्कर पेनाने वर्तुळे काढली, कारण बाटली काढल्यावर ती पुन्हा सापडली नसती.

कारण बहुधा धक्क्याचे खांबच असावेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हे खांब कालवांनी माखलेले असतात आणि कालवाची शिंप फुटली की तिची धार पात्यासारखी लागते. गटाने सूटवर साधे कामाचे हातमोजे घातले होते, त्यांची लांबी मनगटापाशी संपत होती आणि सील उघडेच राहत होते. डाव्या सीलची चीर मात्र कडेला असल्यामुळे ती हात घालताना नख लागून पडली असण्याचा संभव अधिक वाटतो.

तपासलेले पर्याय

सर्वांत सरळ मार्ग सील बदलण्याचा होता. गटाकडे त्या मापाचे एकच सील शिल्लक होते, आणि ज्या पुरवठादाराकडे चौकशी केली त्याच्याकडे साठा नव्हता. बाहेरून मागवायचे तर हा भांगच काय, पुढचाही जाण्याची शक्यता होती. लॅटेक्सचे सील मिळू शकत होते, परंतु नेमका हाच सूट लॅटेक्स न चालणाऱ्या पाणबुड्याच्या मापाचा होता.

काठावरच्या एका सहकाऱ्याने सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा आणण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने तत्काळ चिकटणाऱ्या गोंदाचे नाव घेतले, आणि सूटच्या अंगाच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला पॉलियुरेथेनचा गोंद तर पेटीतच होता. या तिन्हींपैकी एकही सिलिकॉनवर चालत नाही. सिलिकॉनचा पृष्ठभाग असा असतो की बहुतेक द्रव त्यावर नीट पसरतच नाहीत, आणि जो गोंद पसरत नाही तो धरतही नाही. लावल्यावर चिकटल्यासारखा दिसतो, सुकल्यावर नखाने अखंड निघून येतो. चिकटते ते सिलिकॉनच. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप काही जणांच्या पेटीत असते, पण ती ताणून गुंडाळावी लागते, आणि मनगटाभोवती अशी पट्टी आवळणे म्हणजे हाताचा रक्तप्रवाह अडवणे.

डाव्या सीलची कड चिरेच्या पलीकडून सलग कापून टाकणे हा पर्याय मला एरवी आवडतो, कारण त्यात गोंदाचा प्रश्नच येत नाही आणि धारदार कात्रीने एकाच दमात कापलेली गुळगुळीत कड पुन्हा चांगली टिकते. तथापि कड कापली की तोंड मोठे होते, आणि या पाणबुड्याचे मनगट बारीक होते. गळती एका जागेवरून काढून सगळ्या घेराला दिल्यासारखे झाले असते.

उरला तो सिलिकॉन सीलंटचा मार्ग. हवेतील ओलाव्याने घट्ट होणारे एका नळीतले सीलंट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, पण दुकानातली पहिली नळी उचलून चालत नाही. न्हाणीघरासाठीच्या अनेक सीलंटमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, आणि ते घामेजलेल्या त्वचेला तासन्‌तास लागून राहणे इष्ट नाही. रंगवता येणारी, ॲक्रिलिक मिसळलेली सीलंटही अशा कामाची नसतात. माशांच्या काचेच्या टाक्यांसाठी विकले जाणारे, निव्वळ सिलिकॉनचे, पारदर्शक सीलंट त्यातल्या त्यात योग्य. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि म्हणून सूटच्या पितळी चेनपासून ते दूर ठेवावे लागते. दोन भाग मिसळून वापरायचे प्लॅटिनम पद्धतीचे सिलिकॉन अधिक मऊ आणि लवचिक होते. परंतु गंधकाच्या संपर्काने ते सुकतच नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांनी हाताळले तरी बिघडू शकते. ते रत्नागिरीत एका दिवसात मिळण्यासारखेही नव्हते.

निर्णय

गटप्रमुखाने दोन सीलचे दोन वेगळे निर्णय घेतले, आणि या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त भाग मला हाच वाटतो. शिल्लक असलेले नवे सील डाव्या मनगटाला बसवले, कारण कडेची चीर गोंदाने भरवशाची होत नाही. हात घालताना सर्वाधिक ताण कडेलाच येतो आणि सुकलेले सीलंट मूळ सिलिकॉनपेक्षा ताठ असल्याने चीर त्याच्या शेजारून पुन्हा सुरू होते. उजवे सील दुरुस्त करायचे ठरले. त्याची छिद्रे गोल होती, कडेपासून आणि कड्यापासून दूर होती, आणि प्रत्यक्ष त्वचेला आवळून पाणी अडवणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर, निमुळत्या भागावर होती. म्हणजे तेथे थोडा उंचवटा राहिला तरी त्याखालून पाण्याला वाट मिळणार नव्हती.

वाद झाला तो वेळेवरून. कनिष्ठांचे म्हणणे होते की त्याच संध्याकाळी सीलंट लावावे, म्हणजे एकच दिवस जाईल. प्रमुखांनी आधी टाकून दिलेल्या जुन्या सीलच्या तुकड्यावर नमुना करून पाहण्याचा आग्रह धरला. नळी आधी फोडलेली होती, दमट हवेत किती दिवस राहिली होती हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि सिलिकॉनवर एकदा न धरलेल्या सीलंटचा थर बसला की तो पूर्ण काढल्याशिवाय दुसरा धरत नाही. या आग्रहापायी भांगाचा एक संपूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नमुना ताणला, तेव्हा पॅच उखडण्याऐवजी सीलचा तुकडाच फाटला. अशा जोडाची याहून चांगली परीक्षा नाही. दरम्यान ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खांबांच्या भेगांची मोजणी होडीतून उरकून घेतली गेली, त्यामुळे तो दिवस अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही.

दुरुस्ती

सील कड्यातून काढून घेतले, त्यामुळे चेनचा आणि सूटच्या रबराचा प्रश्न राहिला नाही. भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने ते दोन्ही बाजूंनी धुऊन भरपूर पाण्याने खळखळून घेतले. हे दोनदा केले, कारण डिझेलचा अंश सिलिकॉनमध्ये शिरून त्याला फुगवतो आणि फुगलेल्या जागेवर लावलेला पॅच पुढे सुरकुततो. याच कारणाने सफाईसाठी पेट्रोल किंवा थिनर वापरला नाही. सील रात्रभर सावलीत वाळवलेले होतेच. लावण्याच्या वेळी छिद्रांभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसली, अल्कोहोल पूर्ण उडू दिले आणि त्यानंतर त्या जागेला उघडे बोट लागू दिले नाही. हातमोजे नायट्राइलचे होते.

पॅच जुन्या सीलमधून कापले होते, सुमारे पंधरा मिलिमीटर व्यासाचे आणि पूर्ण गोल. चौकोनी पॅचचा कोपरा आधी उचलला जातो आणि ताणही कोपऱ्यातच साठतो. सील बाटलीवर चढवले, पण केवळ सुरकुत्या जाण्यापुरते, कारण फार ताणलेल्या अवस्थेत लावलेला पॅच सील सैल झाल्यावर चुणतो. सीलंटचा थेंब काडीच्या टोकाने छिद्रात दाबला, भोवती मिलिमीटरभरापेक्षा पातळ थर पसरला, त्यावर पॅच मधून कडेकडे दाबत बसवला म्हणजे हवा आत अडकली नाही, आणि कडेने बाहेर आलेले सीलंट पॉलिथिनच्या तुकड्याने बाहेरच्या बाजूला निपटून शून्य जाडीपर्यंत नेले. पॉलिथिनला सिलिकॉन धरत नाही, म्हणून हे काम त्याचेच. पॅच बाहेरच्या अंगाला लावला. आतून छिद्राच्या तोंडाशी आलेला कण पुसून सपाट केला.

एका नळीतले सीलंट हवेतील ओलावा घेऊन वरून आत सुकत जाते. साधारणपणे चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. कोकणची दमट हवा येथे मदतीला येते. पॅचखाली ते सुकेल का, अशी शंका काढली गेली होती, परंतु सिलिकॉनमधून पाण्याची वाफ सहज जाते, त्यामुळे सिलिकॉनच्याच पातळ पॅचखाली अडचण येत नाही. सुकण्यासाठी चोवीस तास पुरेसे वाटत असूनही सील दीड दिवस, व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत, बाटलीवर तसेच ठेवले.

चाचणी दोन टप्प्यांत झाली. आधी जाड बाटली आणि साबणाचे पाणी. बुडबुडा आला नाही. मग सूट चढवून, बाहीच्या आत हाताभोवती टिश्यू पेपर गुंडाळून, गोड्या पाण्याच्या पिंपात अर्धा तास मूठ उघड-मीट करणे. कागद मनगटाच्या आतल्या बाजूला किंचित ओलसर निघाला. ती स्नायुबंधांच्या खाचांची जुनी गळती होती. पॅचखालचा भाग कोरडा होता.

एक प्रश्न, ज्याने आराखडा बदलला

दुरुस्त सील घाणेरड्या पाण्यात न्यायचे नाही, यावर एकमत होते. पहिला बेत असा होता की नाल्याच्या तोंडाजवळचे खांब अखंड सीलच्या सूटमधल्या पाणबुड्याने तपासावेत आणि दुरुस्त सूटवाल्याने काठावर सज्ज राहावे. तेव्हा सर्वांत तरुण पाणबुड्याने विचारले, “दादा, खाली याला काही झालं तर मला त्याच पाण्यात उडी मारायची आहे ना?”

प्रश्न निर्णायक होता. काठावरच्या माणसाचा सूट बहुधा वापरला जाणार नाही असे गृहीत धरून आखलेली सुरक्षा ही सुरक्षा नव्हे, आणि संकटाच्या क्षणी आपल्या मनगटाकडे लक्ष जाणारा माणूस खालच्या माणसाकडे कमी लक्ष देतो. नाल्याजवळचे खांब पुढच्या भांगावर ढकलण्यात आले. उरलेल्या दिवसांत समुद्राकडच्या बाजूचे खांब, भरती पुरी होण्याच्या सुमारास, म्हणजे बाहेरचे स्वच्छ पाणी खाडीत भरलेले असताना तपासले गेले. काम देणाऱ्यांची नाराजी पत्करावी लागली. त्यांना लेखी कारण दिले गेले.

परिणाम

दुरुस्त सीलने त्या भांगात पाणी आत येऊ दिले नाही. पुढच्या पंधरवड्यात, नवी सील आल्यावर, ते जवळून पाहिले असता एका पॅचची कड काही मिलिमीटर उचललेली आढळली. छिद्र बंदच होते, पण त्या कडेला सीलंटचा थर इतर ठिकाणांपेक्षा जाड राहिला होता. ताणताना सील वाढते आणि ताठ थर वाढत नाही, त्यामुळे जोड नेमका तेथेच सुटू लागतो. ते सील सरावाच्या सूटला दिले गेले. नाल्याजवळचे खांब नव्या सीलवर तपासून झाले, आणि पहिल्या दिवशी भिजलेल्या पाणबुड्याला कोणताही त्रास झाला नाही.

वेगळे काय करता आले असते

नमुना करण्यात गेलेला दिवस योग्य कारणासाठी गेला, पण तो भांगात जायला नको होता. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रावर जातात, त्या सुमारास गटानेही सीलंटची नवी नळी घेऊन जुन्या सीलवर नमुना करून ठेवला असता, तर त्याच संध्याकाळी दुरुस्तीला हात घालता आला असता. नळीवर फोडल्याची तारीख लिहिणे एवढे साधे कामही पुरले असते.

मूळ उणीव सीलपेक्षा हातमोज्यांत होती, असे माझे ठाम मत आहे. सूटला कड्यांची व्यवस्था असताना त्या कड्यांवर बसणारे, पाणी आत न येऊ देणारे कोरडे हातमोजे या कामासाठी घ्यायलाच हवे होते. ते असते तर कालवाची धार आधी हातमोज्याला लागली असती आणि सील हे दुसरे संरक्षण राहिले असते. दूषित पाण्यात एकाच पातळ पडद्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही, मग तो पडदा नवा असो वा दुरुस्त केलेला. अशा हातमोज्यांत बोटांची सफाई कमी होते, ही तक्रार खरी आहे. पण खांब खरवडून भेग मोजण्याच्या कामाला तेवढी सफाई पुरते.

सुटे सील प्रत्येक सूटमागे मनगटांची एक जोडी आणि गळ्याचे एक, इतके तरी असावे. या गटाकडे पूर्वी जोडी होती, त्यातले एक वापरले गेले आणि नोंद न झाल्याने दुसरे मागवायचे राहून गेले. सील घालताना नखे कापलेली असावीत, घड्याळ-अंगठ्या आधीच काढाव्यात आणि कड चिमटीत धरून ओढण्याऐवजी दोन बोटे आत घालून, त्यांच्या पेरांनी सील सरकवावे. निसरडेपणासाठी साबणाचे पातळ पाणी चालते. सिलिकॉनचा स्प्रे मात्र टाळावा, कारण त्याचा तेलकट थर राहिला तर पुढे पॅच बसवण्याची वेळ आल्यावर सीलंट धरत नाही.